आयव्हीएफची फाइल: पहिल्या इंजेक्शनपासून बाळाच्या डोळ्यांच्या तपासणीपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीला आयव्हीएफने, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराने, जुळं झालं ते तेहतिसाव्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता. बीपी अचानक चढलं म्हणून आम्ही तिला गावातल्याच एका हॉस्पिटलात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी भराभर विचारलं, "एम्ब्रियो किती सोडले होते? फ्रोझन की फ्रेश? ॲस्पिरिन चालू होती का? कधी बंद केली?" (एम्ब्रियो म्हणजे प्रयोगशाळेत बीज आणि शुक्राणू जुळवून तयार केलेला काही दिवसांचा गर्भ. तो ताजा किंवा गोठवलेला, म्हणजे फ्रोझन, पिशवीत सोडतात, त्याला ट्रान्सफर म्हणतात.) तिचा नवरा म्हणाला, "डॉक्टर, ते सगळं सेंटरवाल्यांकडे आहे." सेंटर दोनशे किलोमीटर लांब, आणि अडीच वाजता तिथे फोन कोण उचलणार?

आई आणि दोन्ही लेकी सुखरूप आहेत. निळी फाइल आम्ही त्यानंतर लावली, घरभर पसरलेले कागद गोळा करून. ती पहिल्या दिवसापासून लावायला हवी होती. आयव्हीएफ सेंटर, प्रसूतीचे डॉक्टर आणि बाळाचे डॉक्टर ही तीन वेगळी दारं असतात, आणि एका दारातला कागद आपणहून दुसऱ्या दारात जात नाही. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं त्यांचं काम. कुठे काय बिघडू शकतं, ते कसं ओळखायचं आणि कोणाला काय विचारायचं, एवढंच इथे लिहिते.

आधी एक गोष्ट. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून आयव्हीएफने हर्षा नावाच्या मुलीचा जन्म झाला, तेव्हा ती वर्तमानपत्रांत पहिल्या पानावरची बातमी होती. त्याच हर्षाला २०१६ साली स्वतःचं बाळ झालं. आयव्हीएफची बहुतेक बाळं धडधाकट असतात, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

इंजेक्शनं सुरू होण्याआधी

आपल्याकडे घाई इथेच होते. एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि शुक्राणूंचा रिपोर्ट आला की थेट पॅकेजचं बोलणं. पण पुढे गरोदरपणात जे त्रास देतं, त्यातलं बरंचसं आधीपासून शरीरात असतं: वाढलेलं बीपी, साखर, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, जास्तीचं वजन. ते सहा महिने आधी कळलं तर हाताशी वेळ असतो. गर्भ राहिल्यावर कळलं तर नुसती धावपळ.

बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड) आणि सीबीसी (हिमोग्लोबिन वगैरे) करून घ्याच. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस आधी घ्यावी लागते आणि त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून ही तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल, तर सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात. नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याचा चारात एक धोका. आयव्हीएफमध्ये एम्ब्रियो सोडण्याआधी तो तपासता येतो, पण त्यासाठी हे आधी माहीत हवं. फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधीपासून सुरू असावं.

सेंटर २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली नोंदणीकृत आहे ना, हे विचारायला संकोच कसला? प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं. आणि कोणी "मुलगाच देऊ" असं सुचवलं तर तिथून उठा. तो गुन्हा आहे.

फाइलचं पहिलं पान: दोघांचे रक्तगट, हे सगळे रिपोर्ट, चालू औषधं, जुनी ऑपरेशनं, घरात कोणाला बीपी, मधुमेह किंवा रक्ताच्या गाठींचा आजार आहे का ते.

फुगलेलं पोट म्हणजे गॅस नव्हे

या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

इंजेक्शनांनी एरवी एक स्त्रीबीज तयार होतं तिथे दहा-पंधरा होतात. मग ती पिकवण्यासाठी 'ट्रिगर'चं इंजेक्शन देतात आणि नंतर बाहेर काढतात. काही जणींच्या अंडाशयांना हा मारा झेपत नाही. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि कधी छातीत साठतं, मागे राहिलेलं रक्त घट्ट होतं. याला ओएचएसएस म्हणतात. सौम्य प्रकार बऱ्याच जणींना होतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. गंभीर प्रकार क्वचित होतो, पण त्यात मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्ताच्या गाठी होऊ शकतात.

पीसीओ (अंडाशयात बारीक गाठी) असलेल्या, वयाने लहान, अंगाने बारीक, एएमएच जास्त असलेल्या आणि आधी हा त्रास झालेल्या बायकांना धोका अधिक. तुम्ही यांत बसत असाल तर डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून द्यायच्या इंजेक्शनांची एक पद्धत) वापरणार का? ट्रिगर एचसीजीचा (गर्भ राहिल्यावर तयार होणारं हार्मोन) देणार की ॲगोनिस्टचा (शरीराला स्वतःचं हार्मोन सोडायला लावणारं औषध)? बीजं जास्त निघाली तर सगळे एम्ब्रियो गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का? या तीन गोष्टींनी गंभीर ओएचएसएसचा धोका खूप खाली येतो. "यावेळी ट्रान्सफर नको, फ्रीझ करू" असं डॉक्टर म्हणाले की अनेक जोडप्यांना फसवल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ते तुमच्याच भल्याचं असतं.

त्रास दोनदा येऊ शकतो. एकदा ट्रिगरनंतर आठवड्याभरात, आणि गर्भ राहिला तर पुन्हा दहा-बारा दिवसांनी, कारण गर्भ स्वतःच एचसीजी तयार करतो. हा दुसरा जास्त रेंगाळतो.

बहिणीचं पोट बीजं काढल्यानंतर चौथ्या दिवशी फुगलं. आई म्हणाली, "गॅस झालाय, ओवा चावून खा." सेंटरला फोन लावला तर तिथल्या सिस्टरने विचारलं, "ताई, सकाळी वजन केलं का? लघवी किती होते?" किती म्हणजे? "मापात धरा आणि लिहा." मग अर्धा लिटरचं जुनं दुधाचं माप बाथरूममध्ये गेलं. रोज सकाळी लघवी करून, त्याच गाऊनमध्ये वजन, आणि आकडा कालनिर्णयच्या चौकोनात. ५८.२, ५८.९, ५९.३, ५९.१, ५८.४. तिचं निभावलं. ते पान आजही फाइलमध्ये आहे.

घरी करायचं ते एवढंच: तहान लागेल तसं पाणी, ताक, नारळपाणी. जबरदस्तीने चार लिटर ढोसायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सेंटरला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मोठ्या झालेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो, म्हणून उड्या, वजन उचलणं आणि शरीरसंबंध टाळायचे. दिवसभर झोपून मात्र राहायचं नाही, घरात हिंडायचं. पाय हलते राहिले तर गाठींचा धोका कमी.

एका दिवसात वजन किलोभर वाढलं, लघवी निम्म्यावर आली, आडवं झाल्यावर धाप लागली, उलट्या थांबेनात, पोटरी किंवा मान-हात एका बाजूने सुजला, एका बाजूला असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हे हवं: "आयव्हीएफचं चालू आहे, अमुक तारखेला ट्रिगर झालं." नाहीतर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

बीजं काढल्यावर थोडा रक्ताचा डाग आणि ओटीपोटात जडपणा चालतो. ताप, चक्कर किंवा वाढत जाणारी कळ चालत नाही.

एकाच खर्चात दोन?

"दोन सोडा डॉक्टर, एकदाच सुटू." हे वाक्य मी वेटिंग रूममध्ये इतक्यांदा ऐकलंय, आणि आमच्याही घरात बोललं गेलं. खर्च सोसलेल्या माणसाला ते पटतं. पण बाळांच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा निर्णय इथेच होतो. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्माला येतात. आईला बीपी, मधुमेह, सिझेरियन, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, सगळ्याचीच शक्यता वाढते. आणि एनआयसीयूचं (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) एका आठवड्याचं बिल पाहिलं की 'एकाच खर्चात' हे गणित कोलमडतं.

एम्ब्रियो चांगल्या प्रतीचा आणि बीज तरुण असेल तर एक सोडून बाकी गोठवणं शहाणपणाचं. डॉक्टर दोन सुचवत असतील तर माझ्या बाबतीत का, हे नीट समजून घ्या. एक सोडला तरी तो दुभंगून जुळं होऊ शकतं, शंभरात एक-दोनदा.

दुसरा प्रश्न फार कमी जणी विचारतात: फ्रोझन ट्रान्सफर नैसर्गिक पाळीत करणार की पूर्ण गोळ्यांवर? पूर्ण गोळ्यांच्या पद्धतीत स्त्रीबीज फुटत नाही, त्यामुळे त्यानंतर अंडाशयात तयार होणारी पिवळी ग्रंथी नसते, आणि अशा गरोदरपणात पुढे बीपीचा त्रास जास्त दिसतो असं आता बऱ्याच अभ्यासांत आलंय. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक पद्धतीचा विचार होऊ शकतो. दात्या स्त्रीचं बीज वापरलं असेल तरी बीपीचा धोका वाढतो. नातेवाइकांना सांगायचं की नाही तो तुमचा प्रश्न, पण प्रसूतीच्या डॉक्टरांपासून लपवू नका. डबल मार्करसारख्या (बाळात डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या) चाचण्यांचा हिशोबही दात्या स्त्रीच्या वयावर होतो.

पॉझिटिव्ह आल्यावरचे सहा आठवडे

बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) वाढलं म्हणजे गर्भ पिशवीतच आहे असं नाही. एम्ब्रियो पिशवीत सोडलेला असला तरी तो सरकून नळीत रुजू शकतो. दोन सोडले असतील तर एक आत, एक बाहेर असंही क्वचित घडतं. म्हणून सहा-सात आठवड्यांची योनीमार्गे सोनोग्राफी चुकवायची नाही. एका बाजूला कळ, रक्तस्राव, घेरी आणि खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखणं म्हणजे तातडीचं काम.

प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीवरून काढू नका, इथे हमखास गोंधळ होतो. पाच दिवसांचा एम्ब्रियो असेल तर ट्रान्सफरच्या तारखेत २६१ दिवस मिळवा, तीन दिवसांचा असेल तर २६३. १० जानेवारी २०२५ ला पाच दिवसांचा सोडला, तर तारीख २८ सप्टेंबर २०२५. ती फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे बाळ लहान आहे की दिवसच चुकीचे मोजलेत, हा वाद होत नाही.

प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून देतात ते हार्मोन) कधी आणि कसं थांबवायचं हे लेखी घ्या. "बारा आठवड्यांपर्यंत बहुतेक" असं ऐकीव उत्तर नको.

सेंटर सोडताना

साधारण आठ ते बारा आठवड्यांना सेंटर निरोप देतं. निघताना एक पान मागून घ्या: ट्रान्सफरची तारीख, फ्रेश की फ्रोझन, एम्ब्रियो किती आणि किती दिवसांचे, बीज स्वतःचं की दात्या स्त्रीचं, इक्सी (एकेक शुक्राणू बीजात टोचणं) केलं का, ओएचएसएस झालं होतं का, चालू औषधं कधी थांबवायची, शिल्लक एम्ब्रियो किती. रिसेप्शनवर "डिस्चार्ज समरी आहे ना" म्हणतील. तिच्यात बहुधा यातलं निम्मंच असतं. आग्रह धरा.

नव्या डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बोला.

पहिली, ॲस्पिरिन. बीपीचा धोका असलेल्यांना कमी मात्रेची ॲस्पिरिन साधारण १२ आठवड्यांपासून देतात. आयव्हीएफ, पहिलं बाळ, पस्तिशीपुढचं वय, जुळं, लठ्ठपणा यांपैकी एकाहून जास्त लागू असेल तर विचारा. मनाने घेऊ नका, पण विचारायचं विसरूही नका. उशिरा सुरू केली तर उपयोग घटतो.

दुसरी, साखर. ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. दोन तासांनी १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह.

तिसरी, वार (प्लेसेंटा). आयव्हीएफमध्ये वार खाली किंवा गर्भमुखावर असणं आणि नाळेच्या रक्तवाहिन्या गर्भमुखावरून जाणं, हे दोन्ही नेहमीपेक्षा जास्त दिसतं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत या दोन्ही गोष्टी पाहायला सांगा. जन्मजात दोषांचं प्रमाणही किंचित वाढतं: एरवी शंभरात साधारण तीन बाळांत, आयव्हीएफमध्ये चारच्या आसपास. त्यात वंध्यत्वाच्या मूळ कारणांचाही वाटा असतो. बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी का, तेही याच वेळी विचारा.

वीस आठवड्यांनंतर घरात बीपीचं मशीन असू द्या. दंडाला लावायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर. १४०/९० किंवा त्यापुढे आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० आलं तर त्याच तासाला हॉस्पिटल. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांना "उन्हाने झालं असेल" म्हणायचं नाही. आम्ही म्हटलं होतं. तेव्हा मे महिना होता.

बाळंतपण कुठे

जुळं असेल, बीपी असेल किंवा वार खाली असेल, तर ज्या इमारतीत एनआयसीयू आहे तिथेच नाव नोंदवा. नेमका प्रश्न असा विचारा: "३२ आठवड्यांचं बाळ तुम्ही इथेच ठेवता, की दुसरीकडे पाठवता?" जन्मलेलं नाजूक बाळ अँब्युलन्समधून नेण्यापेक्षा ते पोटात असताना आईलाच हलवणं केव्हाही बरं. खासगी एनआयसीयू परवडणारा नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातलं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) आधीच जाऊन पाहून या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत होतं आणि आजारी बाळावर वर्षाचं होईपर्यंत उपचारही मोफत. गाडीसाठी १०८.

दिवस भरण्याआधी कळा आल्या तर फुप्फुसं पक्की करणारी स्टिरॉइडची इंजेक्शनं ३४ आठवड्यांच्या आत देतात. त्यांना काम करायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून "थोडं पाहू, थांबतील कळा" यात वेळ घालवू नका.

काचेपलीकडचं बाळ

वेळेआधी आलेल्या बाळाला काय लागतं? ऊब, आईचं दूध, आणि हात धुतलेली माणसं. कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झाली, कारण तिथे इनक्युबेटरच पुरत नव्हते. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: जन्मल्याबरोबर कांगारू केअर सुरू केल्यावर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. तेव्हा सिस्टर "बाळ स्थिर होऊ दे" म्हणाल्या तर आज कधी सुरू करता येईल ते विचारा.

बाळाच्या अंगात फक्त लंगोट आणि टोपी. आईच्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं. वरून ओढणी घट्ट बांधायची. दिवसातून आठ तास तरी, जितकं जास्त तितकं चांगलं. जुळं असेल तर एक बाबाकडे. आमच्याकडे आजोबांनीही धरलं. आधी "मला नाही जमणार" म्हणाले, मग उठेचनात.

बाळ ओढत नसेल तरी पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लागा आणि दिवसातून आठ वेळा काढा. पहिल्या दिवशी चमचाभरही निघणार नाही. तो चमचाही द्यायचा. दूध उतरेपर्यंत मिल्क बँकेचं दूध मिळतं का विचारा. आशियातली पहिली मिल्क बँक मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मध, घुटी, गाईचं दूध, धुरी यांतलं काहीही नाही. बारसं थांबेल.

डिस्चार्जच्या गडबडीत एक तारीख निसटते: डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, अगदी छोट्यांची दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहेरून डोळे छान टपोरे दिसतात आणि आत पडद्यावर नको त्या वाहिन्या वाढत असतात. वेळेत सापडलं तर उपचाराने नजर वाचते. कानाची तपासणी महिन्याच्या आत. लसी जन्मतारखेप्रमाणे. मान धरणं, बसणं यांचा हिशोब मात्र प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून: सात आठवडे आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं तरी ते सव्वादोन महिन्यांचं धरायचं. शेजारच्या बाळाशी तुलना नको.

आईकडे कोण बघतंय?

सगळे काचेपाशी, आणि आई वॉर्डात एकटी. बीपी प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढू शकतं आणि सहा आठवड्यांपर्यंत धोका असतो. मशीन माहेरी सोबत न्या. तासाभरात पॅड भिजलं, ताप आला, पोटरी सुजून दुखली, धाप लागली तर लगेच परत.

आणि रडू. "एवढ्या नवसाने झालं, आता रडतेस कशाला?" हे कोणी बोलू नये. वर्षानुवर्षांचे रिपोर्ट, हार्मोन्स, टाके आणि एनआयसीयू यांच्या मागून रडू येतंच. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, झोप उडाली, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार डोकावला तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि तेव्हाच दवाखान्यात न्या.

शिल्लक एम्ब्रियो

फाइलचं शेवटचं पान गोठवलेल्या एम्ब्रियोंचं. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, सेंटर दर वर्षी शुल्क घेतं आणि पत्ता बदलला तर कळवणं तुमच्याकडे. सिझेरियन झालं असेल तर पुढच्या ट्रान्सफरला सहसा दीड वर्ष तरी थांबायला सांगतात. मधल्या काळात "आपल्याला कुठे आपोआप राहणार" या भरवशावर राहू नका, राहतं. गर्भनिरोधनाचं प्रसूतीनंतरच्या सहाव्या आठवड्याच्या भेटीतच विचारा. बहिणीचे तीन शिल्लक आहेत. दर मार्चमध्ये तिचा नवरा शुल्क भरतो आणि पावतीचा फोटो मला पाठवतो, फाइल माझ्याकडे आहे म्हणून.